भुरीचं आठवं घर

दारांना अजून कड्या आल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. भुरी मांजर व्याली आणि रीतीप्रमाणे पिल्लांना सात घरं फिरवू लागली. सातवं घर झालं, तरी तिच्या जिवाला थारा नव्हता. या हलवाहलवीत धाकट्या पिल्लाला पोटभर दूधच मिळेना, ते पार मलूल झालं. तरीही भुरीनं सगळी पिल्लं एकेक करून आठव्या घरी आणली.

तिथे टोपलीत एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती म्हणाली, "काय गं बाई, परत बिऱ्हाड हललं?"

"तिथं बोका आला असता तर?"

"आला होता का?"

"नाही. पण माझ्या पोटात गोळा आला."

"मुंगसाच्या नुसत्या आठवणीनं माझ्याही येतो. पण मी उठले तर अंडी गार पडतील. म्हणून त्या गोळ्याला म्हणते, बस बाबा तूही इथंच."

तेवढ्यात वाऱ्यानं कवाड करकरलं. भुरीनं चटकन धाकट्याची मान तोंडात धरली. कोंबडीनं पंख पसरून अंडी आणखी झाकली. जरा वेळानं भुरीनं पिल्लू खाली ठेवलं आणि थरथरतच आडवी झाली.

तिची थरथर थांबायच्या आधीच धाकट्यानं चाचपडत आचळ धरलं.