मुठीतलं बूच

एकदा एका खाडीवर एक म्हातारा तांडेल तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवीत असे. गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही. उतारू होडीत उभा राहिला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होई, आणि म्हाताऱ्या बायकांच्या टोपल्या हातानं उचलून ठेवतानाही त्याचं पुटपुटणं चालूच असे. तरीसुद्धा लोक त्याच्याच होडीची वाट बघत. शिव्या खाऊन का होईना, माणूस पलीकडे कोरडा उतरायचा.

या तांडेलापाशी धाकू नावाचा एक शिष्य होता. शिष्य म्हणजे काही कोवळं पोर नव्हे. तिशीचा बाप्या, दंडात बळ, आणि डोक्यात घाई. तीन वर्षं झाली तो वल्हं मारायला शिकत होता. वल्हं मारणं पहिल्या महिन्यातच आलं. बाकीचं अजून यायचं होतं.

पावसाळ्याचे तीन महिने तर बंद. होडी झावळ्यांखाली झाकलेली, खाडी फुगलेली, आणि पलीकडच्या गावाला जायचं तर डोंगराला वळसा घालून दोन दिवसांची वाट. धाकूची बायको यमू बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती त्या पलीकडच्याच गावी. आषाढात मुलगी झाली, एवढा निरोप वळशाच्या वाटेनं आला. मुलगी गोरी की सावळी, केस किती, रडते कशी, यातलं काहीही निरोप्याला सांगता आलं नाही. धाकूनं त्याला तीनदा विचारलं. चौथ्यांदा निरोप्या म्हणाला, "अरे बाबा, पोरीसारखी पोर आहे!" धाकूला त्याचा राग आला, आणि त्या रात्रीपासून त्याला जेवणात चव लागेना.

त्या खाडीची रीत अशी, की नारळी पुनवेला जावयानं नारळ आणि लुगडं घेऊन जायचं आणि बाळंतिणीला घेऊन यायचं. पुनव चुकली तर मग दसरा. सासरा जुन्या वळणाचा होता. त्यानं निरोपात तेही सांगून ठेवलं होतं : "पुनवेला आलास तर पाठवीन. नाही आलास तर दसऱ्यापर्यंत पोरीचं नाव काढू नको."

आता पुनवेची दुसरी रीत. दर्याला नारळ वाहिल्याशिवाय कोणी होडी पलीकडे न्यायची नाही. आणि नारळ भर भरतीला, दुपारी वाहायचा. तो पाण्यात पडला की काठावरचे पंचवीस-तीस गडी त्याच्या मागं उड्या टाकत. जो नारळ धरून आणील त्याला वर्षभर देवळात पहिला मान. हौस मोठी, आणि धोकाही मोठा. लाटांच्या चढउतारात माणसाचं डोकं नारळाएवढंच दिसतं. म्हणून गावानं ठरवलं होतं, की धक्क्यावर तांबडं निशाण चढलं की खाडीत एकही होडी हलायची नाही, आणि शेवटचा गडी काठावर येऊन मोजला गेला की निशाण उतरायचं. बाकीच्या होड्या पाटील त्या दिवशी एका दोराला बांधून त्यावर राखण बसवी. तरीची होडी तेवढी मोकळी राही. तांडेलावर गावाचा भरवसा होता.

पुनव उजाडली. धाकूनं नवं धोतर नेसलं, लुगडं पंच्यात गुंडाळलं, नारळाला हळदकुंकू लावलं. झावळ्या काढून होडी घाटावर आणली, तेलपाणी केलं, आणि पायऱ्यांपाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी केली. निशाण उतरलं रे उतरलं की वल्हं मारायचं. पलीकडच्या काठावर एक हिरवं लुगडं येऊन उभं राहिलं होतं. त्याच्या छातीशी काहीतरी पिवळं होतं. एवढ्या लांबून तोंड कुठलं दिसायला? पण धाकूला ते पिवळं दुपटं हललेलं दिसलं, आणि तो घाटावरून उगाचच ओरडला, "आलो! आलो!" वाऱ्यानं ते ऐकलंसुद्धा नाही.

इतक्यात तांडेल पाण्यात उतरला. होडीत वाकला, तळाचं लाकडी बूच उपटलं आणि वर आला. भोकातून पाणी उसळलं. बघता बघता होडी पायऱ्यांपाशी बसली, आणि तिचं पुढचं टोक तेवढं पाण्यावर राहिलं.

"बाबा! हे काय केलंत?"

"होडी बुडवली. डोळे फुटले का?"

"पण का? दुपारी निशाण चढेल आणि लगेच उतरेल!"

"उतरलं की काढू."

"मी काय चोर आहे, की मी निशाण असताना पळून जाईन?"

म्हातारा पायरीवर बसला. बूच मुठीत धरलं आणि मूठ गुडघ्यावर ठेवली. काठावरचे लोक हसले. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याला चळ लागला. धाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं ज्याच्या हाताखाली राबलो, त्यानं चारचौघांत आपल्याला चोर ठरवलं, हे त्याच्या मनात काट्यासारखं रुतलं.

दुपारी भरती टेकली. निशाण चढलं, नारळ पडला, आरोळ्या उठल्या. गडी पाण्यात उतरले. थोड्या वेळानं एकानं नारळ डोक्यावर धरून काठ गाठला, ढोल वाजले. मग एकेक जण परत येऊ लागला. पाटील मोजू लागला. सत्तावीस गेले होते. सव्वीस आले.

निशाण तसंच राहिलं.

ओहोटी लागली. लोकांचा उत्साह ओसरला आणि कुजबुज सुरू झाली. काहीजण काठाकाठानं शोधायला गेले. तेवढ्यात एक व्यापारी घाटावर आला. मागं दोन गडी, डोक्यावर मिठाईच्या पाट्या. पलीकडे त्याच्या व्याह्याकडे सण होता.

"काय रे तांडेला, होडी कुठं आहे?"

"पाण्याखाली."

"थट्टा करतोस? मला ओळखत नाहीस का?"

"ओळखतो की शेट. पाण्याची आणि तुमची ओळख नाही, तिथं माझा इलाज नाही."

"हे निशाण गावगड्यांसाठी आहे. मला कसली बंदी?"

"तुमचं डोकं वेगळ्या आकाराचं असेल तर सांगा. खाडीत दिसतं का बघू."

शेट लालबुंद झाला आणि पाट्यांशेजारी फतकल मारून बसला. उन्हानं मिठाई पाघळू लागली.

इकडे ओहोटीनं आपलं काम चालवलं होतं. पाणी पायरीपायरीनं खाली गेलं, आणि बुडालेली होडी हळूहळू वर दिसू लागली. आतलं पाणी त्याच भोकातून आपसूक बाहेर निथळलं. तिसरा प्रहर टळला तेव्हा होडी रिकामी होऊन चिखलावर बसली होती. पाणी तिच्यापासून चार हातांवर होतं. कमी होतं ते फक्त एक बूच.

धाकूनं पलीकडे पाहिलं. हिरवं लुगडं आता दगडावर बसलं होतं. बाजूला पांढरं मुंडासं उभं होतं. सासरा. तो हातानं सूर्याकडे दाखवीत होता.

धाकू उठला. डोक्याचा फेटा सोडला, त्याचा बोळा वळला आणि होडीत उतरला. भोकाशी वाकला.

"कोंब," मागून म्हातारा म्हणाला. "चांगला दाबून कोंब. मी अडवणार नाही."

"मी मधून जाणार नाही बाबा. खालच्या अंगानं, खडकांच्या आडून जाईन. गडी सगळे वरच्या बाजूला होते. तिकडे खाली कोण आहे?"

"अगदी हेच मी म्हणालो होतो."

धाकूचा हात थांबला.

म्हातारा त्याच्याकडे बघत नव्हता. तो पलीकडे बघत होता, आणि आता धाकूच्या ध्यानात आलं, की सकाळपासून तो तिकडेच बघतो आहे.

"तुझ्याएवढा होतो," तो म्हणाला. "असंच निशाण होतं, अशीच ओहोटी. खालच्या अंगानं निघालो. वल्ह्याला काहीतरी लागलं. मला वाटलं ओंडका. तो माणूस वाचला, पण त्याचा उजवा डोळा गेला. अजून वाटेत भेटला की आधी तोच रामराम घालतो. तो रामराम मला सोसत नाही रे."

"म्हणून माझ्यावर भरवसा नाही?"

"तुझ्यावर? मूर्खा, होडी तुझ्यासाठी कुठं बुडवली!" म्हाताऱ्यानं मूठ उघडली. बूच धरून धरून तळव्यावर वळ उठला होता. "काल भाच्याचा निरोप वळशाच्या वाटेनं आला. बहीण अंथरुणाला खिळली आहे. ती म्हणाली, पुनवेपर्यंत जीव धरते, भावाच्या हाताला राखी बांधते, मग जाते. चाळीस वर्षं दर पुनवेला पहिली खेप मी तिच्यासाठीच मारत आलो. आज सकाळी तू होडी पाण्यात लावलीस, आणि माझे पाय आपोआप तिकडे निघाले. नारळ नाही, निशाण नाही, मला काही दिसेना. मला कोणी हटकलं असतं का? उलट लोकांनीच होडी ढकलून दिली असती. वाईट माणसाला सगळे अडवतात धाकू. ओढ लागलेल्या माणसाला सगळे वाट करून देतात. म्हणून त्यानं स्वतःचं बूच स्वतःच काढून ठेवावं. आणि तेही आधी काढावं. ओढ अंगात चढली, की मग हात आपले राहत नाहीत."

धाकू होडीत तसाच उभा राहिला. मग त्यानं बोळा उलगडला, आणि चिखलानं माखलेला फेटा तसाच डोक्याला गुंडाळला. येऊन म्हाताऱ्याशेजारी पायरीवर बसला. दोघंही पलीकडे बघत राहिले. एकाला पिवळं दुपटं दिसत होतं. दुसऱ्याला माडांमागचं एक घर दिसत नव्हतं, तरी तो तिकडेच बघत होता.

सूर्य पाण्याला टेकता टेकता खालच्या अंगाकडून आरोळी आली. सत्ताविसावा सापडला होता. ओहोटीनं त्याला खडकांच्या आडच नेलं होतं. तिथं एका जाळ्याच्या खुंटाला मिठी मारून तो गळ्याइतक्या पाण्यात दुपारपासून लटकला होता. ओरडून ओरडून आवाज बसलेला. लोकांनी खांद्यावर घालून आणला. धाकूनं त्याचं डोकं पाहिलं, भिजलेलं, नारळाएवढं.

निशाण उतरलं. म्हाताऱ्यानं बूच धाकूच्या हाती दिलं. "ठोक." होडी चिखलातून ओढायला माणसं धावली. शेटही धोतर खोचून गुडघाभर चिखलात उतरला, आणि तांडेलानं त्याला सगळ्यांपेक्षा एक शिवी कमी दिली. दिवसभर पाणी प्यायलेल्या फळ्या फुगून एकमेकींना घट्ट भिडल्या होत्या. तीन महिने सुकलेली होडी सकाळीच हाकली असती तर खाडीच्या मध्यावर गळू लागली असती, हेही धाकूला तेव्हाच कळलं. म्हातारा त्याबद्दल काही बोलला नव्हता.

पलीकडच्या काठावर सासरा नव्हता. यमू एकटी दगडावर बसली होती.

"बा गेले," ती म्हणाली. "म्हणाले, दिवस मावळला, पुनव संपली. मी म्हटलं, पुनव तर आत्ता उगवते आहे."

डोंगरामागून चंद्र वर येत होता. तिनं दुपटं बाजूला केलं. मुलगी सावळी होती. केस भरपूर होते.

तांडेल मात्र थांबला नाही. माडांतल्या वाटेनं तो झपाझप गेला. धाकू मागाहून पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आणि कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बहीण तिसऱ्या प्रहरी गेली होती. तिची उजवी मूठ मिटलेली होती. भाचा म्हणाला, "मामा, ती आम्ही उघडली नाही. तुमच्यासाठी ठेवली." म्हाताऱ्यानं एकेक बोट हळूच सोडवलं. आतली राखी घामानं ओली होऊन सुकली होती. त्यानं ती आपल्या मनगटाला स्वतःच बांधली, एका हातानं आणि दातांनी. कोणाची मदत घेतली नाही.

यमूला आणि मुलीला होडीत घेऊन परत येताना धाकूनं धीर करून विचारलं, "बाबा, पश्चात्ताप वाटतो?"

"वाटतो," म्हातारा म्हणाला. "पण आता त्या सत्ताविसाव्याच्या घरी जेवणं चालली असतील. तू समोर बघ."

पुढच्या वर्षी नारळी पुनव आली. धाकूची बायको आणि मुलगी आता अलीकडे होत्या. तांडेलाचं तर पलीकडे कोणी उरलंच नव्हतं. तरी निशाण चढायच्या आधी धाकू पाण्यात उतरला आणि त्यानं होडीचं बूच काढलं.

"आता कोणासाठी?" पायरीवरून म्हाताऱ्यानं विचारलं. त्याच्या मनगटावर विटलेला, पण न सुटलेला धागा होता.

"ठाऊक नाही," धाकू म्हणाला. "पण या पायऱ्यांवर असेलच कोणीतरी."

तो येऊन शेजारी बसला. त्यानं बूच मुठीत घट्ट धरलं, आणि दोघंही पलीकडे बघत राहिले.