येसूनं आणलेली दक्षिण

एका राज्याला तीनच दिशा होत्या. हसू नका रे, खरंच तीन! पूर्व, पश्चिम आणि उत्तर. चौथी होती की, पण तिचं नाव काढायची चोरी होती. कुणाच्या तोंडून 'दक्षिण' निसटलं, की शेजारीपाजारी कानांवर हात ठेवायचे.

असं का, ते ऐका. तिथला राजा उदेभान. त्याचा बाप, म्हातारा राजा, एके दिवशी वारला. उदेभानाचा बापावर फार जीव. रडून रडून त्याचे डोळे सुजले. तेव्हा दरबारातले जोशीबुवा म्हणाले, "महाराज, दक्षिण ही यमाची दिशा. महालाचा मोठा दरवाजा दक्षिणेला आहे ना, तिथूनच यम आत शिरला." झालं! राजानं तो दरवाजा विटांनी बुजवला. मग खिडक्या बुजवल्या. मग गावातल्या घरांच्याही बुजवल्या. आणि मग दवंडी पिटली, की आजपासून कुणी दक्षिणेला तोंडसुद्धा करायचं नाही!

मग ज्यांची शेतं दक्षिणेला, त्यांनी काय करावं? ते पाठमोरे चालत जायचे. हो, उलटे! डोक्यावर भाकऱ्यांची पाटी, हातात विळा, आणि बाई चाललीय मागं मागं. गावचा कुंभार तर उलटा चालता चालता स्वतःच्याच मडक्यांवर बसला. जोशीबुवा दोनदा शेणाच्या खड्ड्यात पडले. मला विचाराल तर तिसऱ्यांदाही पडायला हवे होते. नले, चुळबुळ नको, पांघरूण ओढ.

अशी सात वर्षं गेली बरं का. त्या गावात रायाजी नावाचा गवंडी होता. त्याला एकच लेक, येसू. तिची आई लहानपणीच गेली, तेव्हा बापानंच तिची वेणी घातली, बापानंच तिला भरवलं. मोठी झाली तशी येसू त्याच्या हाताखाली चुना कालवू लागली, विटा देऊ लागली. बाप थकला होता, खोकत होता, पण भिंत अजून सुतासारखी सरळ रचायचा.

मग राणीला मुलगा झाला. पण महालात वारा नव्हता ना! बाळाचा जीव घुसमटायचा. ते दिवसभर तळमळायचं, लालेलाल व्हायचं. रायाजी तिथंच भिंतीला गिलावा करत होता. त्याला काही ते बघवेना. त्यानं दक्षिणेच्या भिंतीतली एक वीट काढली. एकच हो! बाळ शांत झोपलं. आणि जोशीबुवांनी नेमकं त्या भोकात बोट घालून पाहिलं!

राजा संतापला. रायाजीच्या पायांत बेड्या पडल्या. जन्मभर काळ्या खाणीत दगड फोडायचे, ही शिक्षा. त्या खाणीतून कुणी परत आलेलं नव्हतं.

येसू रडली का? रडली की. घरात बसून पोटभर रडली. मग तोंड धुतलं, पदर खोचला आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, दक्षिण म्हणजे काय हो?"

"मरण," राजा म्हणाला. "दुसरा अर्थच नाही."

"आणि असला तर?"

राजा तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तीन दिवस देतो. तीन अर्थ घेऊन ये. एक जरी कमी पडला, तरी चौथ्या दिवशी सकाळी तुझा बाप खाणीत."

मग येसू निघाली. दक्षिणेला निघाली, आणि तोंड पुढं करून, ताठ चालत निघाली! लोक आ वासून बघत राहिले.

पहिल्या दिवशी लागला माळ. दिवस नुकता उगवत होता. एक म्हातारी धनगरीण मेंढ्यांमागं उभी होती. येसूनं तिला विचारलं. म्हातारी म्हणाली, "उगवतीकडे तोंड कर, पोरी. आता उजवा हात पसर. कुठं गेला?"

"दक्षिणेला!"

"मग? ज्या हातानं घास भरवतो, ज्या हातानं आशीर्वाद देतो, तो हात दक्षिणेचा. देवाला प्रदक्षिणा घालताना देव ज्या हाताला ठेवतो, तोही हाच." असं म्हणून तिनं येसूच्या डोक्यावरून तोच हात फिरवला. एक अर्थ मिळाला.

दुसऱ्या दिवशी लागलं चंदनाचं बन. काय तो वास! काय तो गारवा! येसूच्या अंगावरचा घाम क्षणात वाळला. आणि झाडांतून कुणीतरी बोललं, "मी दक्षिणवारा. दर चैत्रात तुमच्या वेशीपर्यंत येतो, भिंतींना धडका देतो आणि तसाच परत फिरतो. काय वाकडं केलंय गं मी तुमचं?" येसूला इतकं वाईट वाटलं! तिनं पदर पसरला. मग वारा आपणहून त्यात शिरला, आणि येसूनं गाठ मारली. दोन अर्थ झाले.

तिसऱ्या दिवशी लागली नदी. दुथडी भरलेली. आणि काठावर एक म्हातारा बसला होता, ओठ सुकलेले, घसा कोरडा. येसूनं ओंजळभर पाणी दिलं, तर ते त्याच्या हातांतून आरपार गेलं! ती घाबरलीच. म्हातारा म्हणाला, "भिऊ नकोस. मी उदेभानाचा बाप. इथं पोराच्या हातचंच पाणी पोचतं. आपल्या पितरांना पाणी दक्षिणेला तोंड करून देतात ना? आणि माझं पोर करतं काय, उत्तरेला तोंड करून देतं! सात वर्षं ते पाणी हिमालयाला चाललंय."

म्हातारा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "त्याला सांग, मला दरवाजानं नेलं नाही. ऐंशी वर्षांचा होतो, म्हातारपणानं नेलं. आणि सांग, लहानपणी ढग गडगडले, की माझ्या कानाची पाळी धरून झोपायचास. ते मी विसरलो नाही."

येसूला तिसरा अर्थ कळला. पण दिवस कलला होता आणि गाव राहिलं होतं तीन दिवसांच्या वाटेवर! मग तिनं काय केलं? पदराची गाठ जराशी सैल केली. सूं सूं करत वाऱ्यानं तिला उचललं, ते थेट वेशीत.

चौथा दिवस उजाडला. रायाजीला खाणीकडे न्यायला गाडी जुंपली होती. बेड्या खुळखुळत होत्या. येसू धावत दरबारात शिरली.

तिनं राजाला उगवतीकडे तोंड करून उभं केलं आणि उजवा हात पसरायला लावला. राजा आपल्याच हाताकडे बघत राहिला. जोशीबुवा म्हणाले, "ह्या! यात काय मोठंसं!"

मग तिनं पदराची गाठ सोडली. गार, सुगंधी झुळूक महालभर फिरली. पाळण्यातलं बाळ हुंकारलं आणि खुदकन हसलं. राणीनं तोंडाला पदर लावला. राजा हळूच म्हणाला, "दोन झाले. तिसरा?"

येसू म्हणाली, "महाराज, दक्षिण म्हणजे आपल्या गेलेल्या माणसांचं गाव. तुमचे वडील तिथं सात वर्षं तहानलेले बसलेत. वाट तुम्ही यमाची नाही बुजवलीत, त्यांची बुजवलीत." आणि तिनं ती ढगांची, कानाच्या पाळीची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट बापलेकांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. एवढा मोठा राजा, पण लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मग उठला, तांब्या घेतला आणि सात वर्षांत पहिल्यांदा दक्षिणेला वळला. समोर काय? बुजवलेला दरवाजा!

"रायाजीच्या बेड्या तोडा," राजा गरजला. "आणि त्याच्या हातात पहार द्या!"

मग रायाजीनं पहार उचलली. खोकणारा म्हातारा तो, पण काय जोर आला होता अंगात! एक घाव, दोन घाव, तिसऱ्याला भिंत धडाडधूम कोसळली. ऊन आत आलं. वारा आत आला. राजा उंबऱ्यावर बसला आणि उजव्या हाताच्या अंगठ्यावरून त्यानं पाणी सोडलं. आणि तिकडे, तीन दिवसांच्या वाटेवर, नदीकाठचा म्हातारा गटागटा पाणी प्याला बरं का.

मग काय विचारता! घराघरांतून पहारी निघाल्या. दिवसभर गावात धडाडधूम, धडाडधूम! ढोल वाजले, ताशे वाजले. राजानं रायाजीला आणि येसूला हत्तीवर बसवलं, आणि मिरवणूक नेली कुठं? दक्षिणेला, तोंड पुढं करून! फक्त जोशीबुवांची सवय काही सुटेना. ते उलटेच चालत होते, आणि पडले तिसऱ्यांदा.

रायाजी लेकीपाशी सुखानं राहिला, राजा सुखात, बाळ सुखात. तुम्हीही सुखात राहा. चला, आता मिटा डोळे. अगं नले, अशी आडवी काय पसरलीस? डोकं तिकडे कर, दक्षिणेला. तुमचे आजोबा तिकडेच आहेत. डोक्यावरून हात फिरवायचा, तर त्यांचा हात पुरायला नको?