रोवळीच्या पाण्याचा वळसा

या, असे सावलीत या. सगळ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न तोच असतो: इमारती इतक्या सरळसोट, मग त्यांच्या भोवतीचा रस्ता असा वाकडातिकडा का? नकाशा काढताना साहेबाचा हात हलला, असं बाहेरचे म्हणतात. म्हणोत बापडे. ही आमची बुरूड आळी, आणि या वळशाच्या आत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहतो.

असं सांगतात, की पूर्वी इथे तळं होतं आणि भोवती बुरुडांची घरं. तळ्यात बांबू भिजायचा, मग त्याच्या कामट्या निघायच्या. तळं गेलं की चूल विझली, इतकं सरळ होतं. इथल्या जहागीरदाराला म्हणे ते बुजवून बाग करायची होती. त्याने आळीला वेशीबाहेर जायला फर्मावलं. तेव्हा साळूबाई नावाची म्हातारी त्याच्या घोड्याला आडवी गेली. तिच्या हातात तांदूळ धुवायची नवी रोवळी होती.

जहागीरदार हसला. "म्हातारे, ही रोवळी एकदा भर. त्या पाण्याने जेवढी जमीन घेरशील, तेवढी तुमची!"

"शब्द फिरवायचा न्हाई, सरकार," एवढंच ती बोलली.

रोवळीत पाणी टिकत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. पण त्या दिवशी ते थेंबाथेंबानेच गळालं म्हणे. कोणी देवीची कृपा म्हणतं, कोणी म्हणतं वीणच तशी घट्ट होती. मी दोन्ही मानतो, माझं काय जातं? साळूबाई सरळ चालली असती तर लवकर सुटली असती. पण कुणाचंच घर बाहेर राहू नये म्हणून ती वळत गेली. तिकडे उताराला एका विधवेचं खोपट होतं. त्याच्यासाठी म्हातारी उतार उतरली आणि पुन्हा चढली. तो बघा, रस्ता तिथेच कोपरासारखा वाकलाय.

वळसा मिटायला थोडं अंतर उरलं आणि रोवळी कोरडी पडली. जहागीरदाराची माणसं ओरडली. साळूबाई थांबली नाही. तिने रोवळीवर तोंड वाकवलं. कपाळाचा घाम रोवळीत पडला, रोवळीतून मातीत पडला, आणि तशीच चालत तिने वळसा मिटवला. जहागीरदाराने मान खाली घातली. साळूबाई तिथेच टेकली, ती उठली नाही.

पुढे तळं आटलं, घरं मोडकळीला आली, पुनर्विकास आला. बिल्डरने रस्ता सरळ आखून आणला. त्यात उताराच्या कोपऱ्यातली घरं शहराबाहेर जाणार होती. नवी घरं आम्हाला हवीच होती, गळकी छपरं कुणाला आवडतात? तरी एकानेही सही केली नाही. बिल्डर चिडला, गोड बोलला, पुन्हा चिडला. आम्ही गळक्या छपरांखाली आणखी पावसाळे काढले. शेवटी त्यानेच नकाशा बदलला.

आजही आळीत कुणाला नवं घर मिळालं, की त्या घरची बाई गळती रोवळी घेऊन हा पूर्ण वळसा चालते, मगच चावी हातात घेते. इमारती तयार झाल्या तेव्हा बिल्डर विचारत होता, चाव्या वाटायला सुरुवात कुठून करायची. सगळी आळी एका आवाजात म्हणाली, "उताराच्या कोपऱ्यापासून."