काळी चौकट कुणी काढली?

मला ही गोष्ट सांगायची नव्हती. नागपंचमी आली की कुणीतरी येऊन बसतंच, वस्तादांचं आणि त्या कॉम्प्युटरचं तेवढं सांगा म्हणून. मी चार बुकं शिकलेला माणूस, त्यातलं यंत्राचं निम्मं मला अजून कळलेलं नाही. सांगतो, पण एकदाच. मधे तोंड घालायचं नाही, आणि शेवटाला ‘म्हणजे काय’ असं मला विचारायचं नाही.

तर...

“चौकट काढायला तुला कुणी सांगितलं?”

हिंदूराव वस्तादांनी हे विचारलं, तेव्हा पुण्याहून आलेला अभिनंदन पाठीवर थाप पडायची वाट बघत होता.

“कुठली चौकट, वस्ताद?”

“काळी.”

खडकेवाडीच्या तालमीत नागपंचमीला दिवेलागणीला सगळा गाव जमतो. शाळेचा प्रोजेक्टर आणतात, भिंतीवर धुतलेलं धोतर ताणून बांधतात, आणि त्यावर तालमीच्या पैलवानांचे फोटो दाखवतात. एका स्लाइडवर एक पैलवान. खाली एका डब्यात त्याचं नाव, गाव, आणि त्यानं मारलेली मोठी कुस्ती. हे सगळं शाळेच्या गुरुजींनी बसून बसून केलेलं. कुणी पैलवान वारला की वस्ताद सांगायचे आणि गुरुजी त्याच्या नावाच्या डब्याला काळी चौकट घालायचे. एवढीच खूण. गावाला ती पाठ होती. नवी चौकट दिसली की बायका पदर डोळ्याला लावायच्या.

अभिनंदन मगदूम ह्याच मातीत वाढलेला. आता पुण्याला कंपनीत होता आणि दिवसभर असल्या स्लाइडच करायचा. सणाला आला, गुरुजींची फाईल उघडली आणि त्याचं डोकं उठलं. एक अक्षर तिरकं, एक जाडं. एक डबा डावीकडं कललेला, एक पैलवानाच्या मांडीवर चढलेला. रंग तर जत्रेतले. दुपारी तालमीच्या अंधारात बसून त्यानं सगळं साफ केलं. पांढरं, नेटकं, भगव्या अक्षरातलं. मग वस्तादांना हाताला धरून आणलं, बघा म्हणून.

“एकेक करत बसलो नाही, वस्ताद,” तो म्हणाला. “सगळ्या स्लाइडची एक आई असते. मास्टर म्हणतात तिला. तिचं अक्षर बदललं की सगळ्या पोरांचं बदलतं.”

“सगळ्यांचं?”

“काही हट्टी असतात. गुरुजींनी हातानं वेगळी केलेली. ती ऐकत नाहीत. मग सगळी एकदम धरायची आणि रिसेट दाबायचं. झाली सरळ.”

“एकदम?”

“एकदम.”

“एकालाबी न इचारता?”

अभिनंदन हसला. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी भिंतीकडं बोट केलं.

“ह्यो कोण?”

“ज्ञानू आप्पा मोरबाळे.”

“ज्ञानू आप्पाला पोचवायला मी गेलो हुतो. खांदा दिलाय. आज त्याची बायको हितं पुढं बसणार. तिला काय सांगू? नवरा उठला?”

...

अभिनंदननं पुढची स्लाइड काढली. त्याच्या पुढची. कुठंच चौकट नव्हती, रिसेटनं तीही पुसली होती. तालमीतले सगळे मेलेले पैलवान भगव्या अक्षरात जिवंत झाले होते.

“थांबा, मागं घेतो,” तो म्हणाला. दोन कळा दाबल्या, पुन्हा दाबल्या. मागं काहीच येईना. दुपारीच त्यानं गुरुजींच्या फाईलवर नवी फाईल सेव्ह करून बंद केली होती. दुसरी प्रत नव्हती. गुरुजींची बदली झाली होती आणि जाताना ते फाईल तालमीत ठेवून गेले होते, कारण ती तालमीची होती.

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले. समोरचा पैलवान कुठल्या पायावर आहे हे जोखतात, तसं.

“खरं सांग. तुला कुणी पाठवलं?”

“कुणी नाही, वस्ताद.”

“मग हेच कसं सुचलं? एवढाच रंग द्यायचा हुता तर भिंतीला द्यायचा. पोपडं निघालेत.”

अभिनंदननं दाराकडं बघितलं. दिवेलागण लांब नव्हती. “एका मिनिटात करतो,” म्हणून तो परत त्या आईकडं गेला आणि तिच्या डब्यालाच जाड काळी चौकट घातली. मग भिंतीवर एकेक फोटो सोडत गेला.

ज्ञानू आप्पा, काळी चौकट. बरोबर.

त्याच्या शेजारचा, काळी चौकट.

मग खांद्यावर गदा घेतलेला एक तरणा गडी आला. पिळदार मिशी, छाती पुढं. त्याच्या खाली नाव होतं हिंदूराव वस्तादांचं. काळी चौकट.

वस्तादांनी स्वतःकडं बराच वेळ पाहिलं.

“मिशी बरी हाय,” ते म्हणाले. “मी गेलो कधी रं?”

अभिनंदननं चौकट काढली. पुन्हा सगळे जिवंत झाले. तो खाली मान घालून बसला.

“वस्ताद... एकेक सांगा. मी एकेक करतो.”

“आता कसं.”

वस्तादांनी पाट ओढला आणि भिंतीपुढं मांडी घातली. मांडी घालताना गुडघे वाजले, त्याबद्दल त्यांनी गुडघ्यांना एक शिवी दिली.

“जोर-बैठका सगळ्यांच्या एकदम,” ते म्हणाले. “तितं तुझी आई चालंल. डाव मातर एकेकाला धरून शिकवायचा. तुला धोबीपछाड शिकवला असता तर तुझी मान तुझ्या आईकडं पिशवीतनं पाठवाय लागली असती. काडी हुतास लेका, काडी. म्हणून तुला पायात शिरून पट काढायला शिकवलं. लाव पुढला.”

फोटो पुढं सरकायला लागले.

“हा?”

“गेला. झोपंत गेला. नशीब काढलं.”

“हा?”

“हाय. पर ऐकू येत न्हाई. त्याचं नाव मोठ्या अक्षरात कर.”

“अक्षर मोठं केलं म्हणून ऐकू...”

“कर म्हनलं न्हवं.”

“हा?”

“सकाळी म्हस धुताना बघितला. आता हाय का न्हाई, म्हशीला ठाऊक.”

“हा?”

वस्तादांनी डोळे मिटले, उघडले. “गेला,” म्हणाले. “घाल.”

अभिनंदन एकेका डब्यावर जात होता, हातानं चौकट घालत होता. पुण्यात असं काम कुणी करताना दिसलं असतं तर तो हसला असता. इथं प्रत्येक चौकटीपाशी वस्ताद डोळे मिटत होते, म्हणून त्याला घाई करता येईना.

मग एक उंच, हडकुळा पैलवान आला. एका गुडघ्याला फडकं बांधलेलं, ओठाच्या कोपऱ्यात हसू. आकाराम खोत.

ह्याला विचारायची गरजच नव्हती. ह्याचा फोटो तालमीच्या कोपऱ्यात हार घातलेला होता. पहिल्या कुस्तीला जाताना अभिनंदननं ह्याच फोटोला उदबत्ती ओवाळली होती. त्यानं सरळ चौकट घालायला घेतली.

“हात काढ.”

आवाज असा होता की हात आपोआप निघाला.

“का, वस्ताद? हे तर गेलेलेच...”

“कुठं भेटला तुला?”

“कोण?”

“आकाराम. पुण्यात भेटला? का घरी येऊन बसला हुता तुझ्या? त्यानंच सांगितलं न्हवं, चौकट काढ म्हणून?”

“वस्ताद...”

“एकट्याची काढली असती तर मला कळलं असतं. म्हणून सगळ्यांची काढली. सगळ्यांच्यात एक खपून जातंय. एवढं डोकं हाय त्याला. पयल्यापासनं हाय.”

अभिनंदननं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या हाराकडं.

“वस्ताद, मेलेला माणूस पुण्यात कसा भेटेल?”

...

मारुतीपुढचा दिवा तडतडला. वस्तादांनी खांद्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं, परत खांद्यावर टाकला. परत काढला.

“म्हणजे... जिवंत आहेत ते?” अभिनंदननं विचारलं.

“माणगावात असतोय. लेकाकडं.”

“मग चौकट?”

“गुरुजीला मी सांगितलं, घाल. गुरुजी भाईरचा माणूस. त्यानं घातली.”

“आणि गाव?”

“गावाला म्हाईत हाय. माझ्यापुढं बोलत न्हाई, पोरांस्नी सांगत न्हाई.”

“मी ह्यांना उदबत्ती लावलीय, वस्ताद. हात जोडलेत. आमच्या वयाच्या सगळ्या पोरांनी जोडलेत.”

“म्हणूनच टिकलाय भडवा.”

अभिनंदनला हसू आलं आणि ते त्यानं गिळलं. भिंतीवर आकाराम तसाच हसत होता. त्याच्या नावाभोवती काही नव्हतं.

“केलं काय त्यांनी?”

वस्ताद फोटोशीच बोलल्यासारखे बोलले. “बिरोबाच्या मैदानात पडला. चितपट. त्याचं काय न्हाई, माणूस पडतोय. मीबी पडलोय. पर उठून अंगावरची माती झाडली, आन चार गावच्या लोकांपुढं काय म्हनला? ‘वस्तादानं डाव राखून शिकवला.’ मी हलगीवाल्याच्या शेजारी हुभा हुतो. हलगी थांबली.”

“आणि राखला होता?”

हा प्रश्न तालमीत आजवर कुणी विचारला नव्हता. विचारून झाल्यावर अभिनंदन पाटापासून थोडा मागं सरकला.

वस्ताद उठले. कुस्तीच्या हौदापाशी गेले. आज सणाची माती, ताक, हळद आणि तेल घालून मळलेली. तिच्यात त्यांनी मूठ खुपसली आणि मूठ घेऊन भिंतीपाशी आले. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या अंगावर पडला. आकारामचा खांदा त्यांच्या डोक्यावर आला, आकारामचं नाव त्यांच्या कमरेवर.

त्यांनी मातीचा पंजा भिंतीवरच्या धोतरावर, आकारामच्या फडकं बांधलेल्या गुडघ्यावर ठेवला.

“ह्यो गुडघा,” ते म्हणाले. “धाकटा असताना बैलानं तुडवलेला. त्या डावात सगळा भार ह्याच्यावर येतोय. दिला असता डाव, तर ते मैदान मारलं असतं त्यानं. आन मग जलमभर काठी.”

“मग हे त्यांना सांगायचं ना!”

“त्यानं इचारलं कुठं? चार गावांना सांगितलं. मला इचारलं न्हाई.”

बोलावं की नाही ह्याचा विचार करायच्या आत अभिनंदनच्या तोंडून गेलं.

“चौकट घालताना तुम्ही तरी त्यांना कुठं विचारलं, वस्ताद?”

...

वस्तादांचा पंजा गुडघ्यावरून हलला नाही. त्यांची पाठ अभिनंदनकडं होती, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं. दिसत होता फक्त त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडलेला आकारामचा हात.

बाहेर चपला वाजल्या. पोरं, बाया, काठ्या टेकत येणारे म्हातारे. ज्ञानू आप्पाच्या बायकोचा आवाज आला, “हिंदूराव भावजी, झालं का न्हाई तुमचं? ह्यांचा फोटो पयला लावा गा. मला लांबचं दिसत न्हाई, मी म्होरं बसते.”

“बसा, वहिनी,” वस्ताद वळून न बघता म्हणाले.

अभिनंदननं घाईनं राहिलेले फोटो बघितले. राहिले होते ते सगळे जिवंत होते, दाराशीच उभे होते, दोघंतिघं तर एकमेकांना कोपर मारत होते. राहिला होता एकच डबा. तो वस्तादांच्या कानाशी वाकला.

“वस्ताद, लोक आत यायला लागले. ह्यांचं काय करू? ह्यांना काळी दिली तर मी खोटं लिहितोय. नाही दिली तर सगळ्या गावाला दिसेल.”

“दिसू दे.”

“म्हणजे... तशीच ठेवू?”

वस्तादांनी हात काढला. धोतरावर, बरोबर गुडघ्याच्या जागी, लाल पंजा उठला होता.

“तशीच ठेव. आन पुन्यांदा त्या तुझ्या आईला हात लावशील तर हात मोडीन.”

अभिनंदननं फाईल सेव्ह केली. सेव्ह करताना ह्या खेपेला त्यानं दोनदा बघितलं. त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि त्या भरात तो म्हणाला, “बरं झालं, वस्ताद. माफ केलंत त्यांना.”

वस्ताद गर्रकन वळले. उजेडात त्यांचे डोळे बारीक झाले.

“खरं सांग. तुला त्यानं पाठवलं न्हाई?”

“मारुतीची शपथ.”

वस्तादांनी मारुतीकडं बघितलं. मारुतीवरही त्यांचा फारसा विश्वास दिसला नाही. मग ते पाटावर बसले, पंच्याला हात पुसले, आणि भिंतीवरच्या त्या हसणाऱ्या तोंडाकडं बघत म्हणाले,

“माफ कुठलं रं? मेलेला माफी मागायला कसा यायचा?... आन माझी माफी तर अजून मागायची ऱ्हायलीय. आकाराम खोतानं.”