लेकीसाठी रंगवलेली दमणी

फार जुन्या काळी, घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक गाडीवान राहत होता. त्याची एकुलती एक लेक घाटापलीकडे दिली होती. तिच्या सासरी गाडी नव्हती. पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं, म्हणून त्यानं आपली दमणी, म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, स्वतःच्या हातानं रंगवली. डाळिंबी रंग, त्यावर पिवळी वेल.

पण घाटाची वाट खड्यांची. बैलांच्या खुरांखालून खडा उडाला की रंगाचा टवका जायचा. गाडीवानाचा जीव खालीवर होऊ लागला.

कातडं कमावणारा म्हणाला, "दादा, मी आरपार दिसेल इतकं पातळ घासलेलं कातडं चिकटवून देतो. आतला रंग दिसत राहील. खडा लागला तर कातड्याला लागेल. जुनं झालं की सोलायचं, नवं लावायचं."

लाखेचं काम करणारा हसला. "नवरीला घोंगडी पांघरून मिरवता का? मी लाखेचा हात देतो. आरशासारखी चमक! चिखल तर नुसत्या पाण्यानं निघेल."

"आणि खडा लागला तर?"

"खड्यापुढे लाख काय करणार? पण चमक बघा ना, दादा!"

"चमक काय चाटायचीय?" कातडंवाला म्हणाला.

गाडीवान आज याच्या दारी, उद्या त्याच्या दारी. इतक्यात बांगड्या विकत फिरणारा कासार निरोप घेऊन आला, "लेक वाट बघतेय. लवकर न्यायला या म्हणाली."

"एवढं ठरलं की निघालोच."

बायको कळवळली. "अहो, रंग उडाला तर पुन्हा देता येईल. जा ना!"

"तिच्यासाठीच तर चाललंय सगळं," तो म्हणाला. आणि ते खरंही होतं.

शेवटी त्यानं लाख लावून घेतली. ती वाळेपर्यंत गाडी सावलीत उभी राहिली.

एका दुपारी अंगणात लेक उभी. धाकट्या दिराच्या सोबतीनं ती घाट पायी उतरून आली होती. ओठ सुकलेले, पाय सुजून टम्म झालेले.

तिनं गाडीवरून हात फिरवला. "बाबा, किती छान झालीय हो! माझ्यासाठी?"

गाडीवानानं तिला ओट्यावर बसवलं, ऊन पाण्यात तिचे पाय घेतले आणि मान खाली घालून चोळत राहिला.

"रडू नका, बाबा. फार नाही दुखत."

यथावकाश ती सुखरूप बाळंत झाली. मग लेक आणि नातू यांना घेऊन दमणी घाट चढली. खडे उडाले, लाखेसकट टवके उडाले. गाडीवानानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. बाळाची झोप मोडू नये, म्हणून तो एकेक दगड चुकवत बैल हाकत होता.

परतल्यावर पुढच्या फळीला त्यानं कातडं लावून घेतलं. त्या वाटेला तेच योग्य होतं, आणि आता ते ठरवायला त्याला वेळ लागला नाही.

ज्या माणसासाठी वस्तू जपायची, त्यालाच ताटकळत ठेवलं, तर ती जपणूक वाया जाते.