दशमांशाचं जेवण

"मग माझ्या दशमांशात खोट कुठे आहे, ते तरी सांगा, बाबा!"

मुसाजी अंगणातच उभा होता. मागे त्याची बैलगाडी. गाडीत नारळ, तांदळाच्या गोणी, तेलाचे बुधले. वर्षाच्या कमाईचा दहावा हिस्सा, मापून वेगळा काढलेला.

ओट्यावर एलोजीबाबा बसले होते. रेवदंड्याच्या खाडीकाठच्या त्या गावात बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची, मोजकी घरं होती. तिळाचं, खोबऱ्याचं तेल गाळायचं, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, आणि पोरांना बाबांकडे शास्त्राची इब्री अक्षरं शिकायला धाडायचं, हा तिथला शिरस्ता. मुसाजी बाबांचा जुना शिष्य. शास्त्र त्याला तोंडपाठ.

"खोट आहे असं मी कुठं म्हटलं?" बाबा म्हणाले.

"मग नव्याच्या सणाला गुंडाळी वाचायला बिनोजी का? मी का नाही?"

बाबांनी डोळे चोळले.

नव्याचा सण म्हणजे त्यांचं वर्ष सुरू होण्याचा दिवस. त्या दिवशी शास्त्राची पवित्र गुंडाळी उघडून बाबा सर्वांसमोर वाचत. यंदा त्यांच्या डोळ्यांना अक्षर दिसेना. त्यांनी बिनोजीचं नाव घेतलं. तेव्हापासून मुसाजीच्या पोटात जे पेटलं होतं, ते विझायला तयार नव्हतं.

दोघं एकाच पाटीवर अक्षरं गिरवत मोठे झालेले. बिनोजी वाचायला लागला की बायका डोळ्यांना पदर लावत. मुसाजी मात्र कान टवकारून चुका शोधत बसे. चूक सापडली की त्याला बरं वाटे. सापडली नाही की जेवण जात नसे. बाबा बिनोजीला 'बिन्या' म्हणत आणि त्याला 'मुसाजी'. त्या 'जी'चासुद्धा त्याला राग येई.

"त्यानं यंदा काय दिलं?" मुसाजीनं विचारलं. "मूठभर तांदूळ तरी?"

"नाही."

"मागच्या वर्षी?"

"नाही."

"आणि त्याला तुम्ही शेजारी बसवता!"

बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "गाडी उतरवायच्या आधी एक सांग. दशमांश पहिल्यांदा कुणी दिला?"

मुसाजीचा चेहरा खुलला. इथे त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

"अब्राहामानं. पुतण्याला सोडवून, लढाई जिंकून परतत होता. वाटेत शालेमचा राजा मलकीसदेक भेटला, देवाचा याजक. त्याला अब्राहामानं सगळ्याचा दहावा हिस्सा दिला."

"राजानं मागितला?"

"नाही. राजा आशीर्वाद द्यायला आला होता."

"रिकाम्या हातानं?"

मुसाजी थबकला. "भाकर आणि द्राक्षारस घेऊन."

"म्हणजे आधी काय झालं?"

"आधी... जेवण झालं."

"हं. पुढे?"

"याकोब. भावाच्या रागाला भिऊन पळाला. उशाला दगड घेऊन उघड्यावर निजला. सकाळी उठून नवस बोलला. देवानं खायला भाकर दिली, अंगाला वस्त्र दिलं, सुखरूप घरी आणलं, तर मिळेल त्यातला दहावा हिस्सा देवाला परत देईन म्हणून."

"भाऊ का रागावला होता, ते राहिलं."

"...त्याच्या वाट्याचं याकोबानं घेतलं होतं." मुसाजीनं घाईनं पुढचं सुरू केलं. "मग लेवी. इतर वंशांना जमीन वाटून दिली, लेवींना नाही. त्यांनी देवाची सेवा करायची, बाकीच्यांनी पिकातला दहावा हिस्सा त्यांना द्यायचा. लेवींनीही त्यातला दहावा पुढे याजकांना द्यायचा."

"आणि दुसरा दशमांश?"

"तो निराळा काढायचा. देवानं निवडलेल्या ठिकाणी न्यायचा, आणि तिथं..."

"तिथं काय?"

"तिथं बसून आपणच खायचा. देवासमोर, घरच्यांबरोबर, आनंदानं."

"फक्त घरच्यांबरोबर?"

"नाही. आपल्या वेशीच्या आतल्या लेव्याला टाकायचं नाही. आणि तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा. लेवी, परका, पोरका, विधवा, सगळ्यांनी येऊन पोटभर खायचं."

"तोंडपाठ आहे तुला."

"एक अक्षर तरी चुकलो का?"

"नाही." बाबांनी मान हलवली. "खाल्लास कधी?"

"काय?"

"दशमांश."

बैलानं मान झटकली, घुंगरं वाजली.

"गाडी घरी ने," बाबा म्हणाले. "वाटायचं ते नंतर वाटू. बायकोला सांग, यातलंच रांधायचं. उद्या दुपारी मी जेवायला येतो. बिन्यालाही बोलव. तू स्वतः जाऊन."

"त्याला? तो काय लेवी आहे?"

"त्याला जमीन आहे?"

"नाही."

"घाणा?"

"होता. बैल मेला, तेव्हा विकला त्यानं."

"कुणाला?"

मुसाजी गाडीच्या चाकाकडे पाहत राहिला.

"...मला."

बाबा काठी टेकत उठले आणि आत गेले.

बिनोजी आता धक्क्यावर होड्यांत माल चढवत असे. मुसाजी तिथवर गेला आणि चार पावलं लांबूनच म्हणाला, "उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला ये. बाबा येणार आहेत."

बिनोजीनं खांद्यावरची गोण खाली टाकली. "तू बोलावतोयस? येतो की!"

त्याचा तो आनंदही मुसाजीला टोचला. ह्याला एवढं लगेच हसू येतंच कसं?

दुसऱ्या दिवशी मुसाजीच्या बायकोनं, लेयानं, मागच्या पडवीत केळीची पानं मांडली. तांदळाच्या भाकरी, वालाचं बिरडं, नारळाच्या रसातलं बोयट माशांचं कालवण. गोडाला गव्हाच्या चिकाचा हलवा. नवऱ्यानं आपण होऊन पाहुणे बोलावले, ह्याचंच तिला अप्रूप होतं.

मुसाजीनं भाकर हातात घेऊन आशीर्वाद म्हटला. बिनचूक म्हटला. भाकर मोडली, बाबांना दिली, बिनोजीला दिली, मग आपल्या पानात टाकली.

बिनोजी मन लावून जेवत होता. "वहिनी, कालवण काय झालंय! थोडं आणखी वाढा."

मुसाजीच्या तोंडात पहिलाच घास फिरत होता. खाली उतरत नव्हता.

पडवीतून परसू दिसत होतं. कडेला माडाच्या झापांनी झाकलेला एक घाणा उभा होता. बिनोजीचं लक्ष तिकडे गेलं.

"माझा घाणा ना रे तो?"

"हो."

"फिरवत नाहीस?"

"नाही."

"लाटेचं लाकूड सैल व्हायचं त्याचं. जेवण झालं की मी ठाकठीक करून देतो."

"सैल झालेलं नाही. काही बिघडलेलं नाही."

"मग घेतलास कशाला?"

विचारण्यात राग नव्हता, आरोप नव्हता. तेच मुसाजीला सोसेना. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा माशाचे काटे काढण्यात गुंतले होते.

"तुझ्याकडे राहू नये म्हणून," मुसाजी म्हणाला.

लेयाच्या हातातला डाव तसाच राहिला.

"तुझा बैल मेला, तेव्हा माझ्या गोठ्यात जास्तीचा बैल होता. तू मागायला येशील म्हणून मी वाट पाहिली. तू आला नाहीस. मग घाणाच घेतला. तू वाचतोस ना, बिनोजी... ते मला ऐकवत नाही. वाटलं, ओझी वाहून तुझा आवाज बसेल. बसला नाही."

बिनोजीच्या बोटांतला घास पानात पडला.

"माझ्या पोरांनी तो अख्खा पावसाळा कण्यांची पेज पिऊन काढला, मुसा."

"ठाऊक आहे."

"तेव्हा ठाऊक होतं?"

"...होतं."

बिनोजी उठला. पडवीच्या टोकाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. एका हातानं त्यानं खांब धरला होता. लेया रडवेली होऊन बाबांकडे बघत होती.

मग बिनोजी वळला आणि आपल्या पानावर येऊन बसला.

"वहिनींनी रांधलंय, ते टाकून जायचा नाही मी," तो म्हणाला. "पण तुझ्याशी आज बोलणार नाही."

आणि तो खाली मान घालून जेवू लागला.

"घाणा आणि बैल, दोन्ही संध्याकाळी तुझ्या दारात आणून बांधतो," मुसाजी म्हणाला.

बिनोजीनं ऐकलं. पुढचा घास उचलला.

मुसाजीनं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तोंडात घातला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली गळत होतं, ते त्यानं पुसलं नाही. घास खाली उतरला. मग दुसरा. मग तिसरा. जेवता जेवता मात्र त्याच्या मनातली जुनी खोड जागी झालीच.

"बाबा," त्यानं हळूच विचारलं, "हा घाणा... हा यंदाच्या दशमांशात धरायचा का?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते लेयाकडे वळले.

"पोरी, याचं हे निवलेलं पान उचल, दुसरं ताजं वाढ. भावाचं घेऊन पळालेला तुझा नवरा आत्ताच घरी आलाय."