तिरडीपुरतं दार

पटकीची साथ आली, तसे दिवाण त्र्यंबकपंतांनी नगराच्या वेशीचे दरवाजे तीन महिने बंद ठेवले. साथ सरल्यावर मिशीवर ताव देत ते राजाला म्हणाले, "महाराज, पटकीनं फक्त सात माणसं गेली!" आणि विजयाच्या मिरवणुकीसाठी त्यांनी कोंडाई कुंभारणीकडे शंभर कलश मागितले.

कोंडाई दरबारात रिकाम्या हातांनी आली. तिची लेक बाळंतपणात अडली होती, तेव्हा सुईण वेशीबाहेर उभी राहून शिपायांच्या विनवण्या करत होती.

"मडकी संपली, महाराज. सगळी तिरडीपुढं गेली."

"सात मयतांना शंभर मडकी?" पंत हसले.

"तिरडीचं मडकं देताना आम्ही रोग विचारत नाही, पंत. सात पटकीची. बाकी कुणी उपासानं गेलं, कुणी औषधावाचून. एक माझ्या लेकीचं."

पंत उसळले, "अगं, वेस उघडी असती तर हजार मेले असते!"

"मेले असते. वेस बंद केलीत ते बरंच केलंत. पण तिच्यातला दिंडीदरवाजा तिरड्या बाहेर न्यायला रोज उघडत होता, पंत. एकदा सुईणीला आत घ्यायला उघडला असता, तर माझ्या लेकीला त्यातून न्यावं लागलं नसतं."

मिरवणूक निघाली नाही.